हुप्प्याची बोळवण

मी सासरी आले तेव्हा माझ्याआधी दोन बातम्या येऊन पोचल्या होत्या. एक, सूनबाईला राग लवकर येतो. दुसरी, सूनबाईचा नेम चुकत नाही. दोन्ही खऱ्या होत्या. माझं माहेर केनवडचं. ज्वारी हुरड्यावर आली की मी मचाणावर उभी राहून गोफण फिरवायची, आणि पाखरांच्या थव्यातलं नेमकं कोणतं पाखरू उडवायचं ते आधी सांगून उडवायची. बाबा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. राग येण्याची गोष्ट मात्र माझ्या आईने सांगितली असावी, असा मला अजून संशय आहे.

सासर जऊळक्यापासून कोसभर आत. पन्नास साल उलटून दोनचार वर्षं झाली असतील. नक्की साल मला विचारू नका. मी सालं मुलांच्या जन्मावरून मोजते, आणि तेव्हा मला मूल झालेलं नव्हतं.

घराला मातीचं सपाट धाबं होतं. धाब्याला टेकून कडुनिंब, निंबापलीकडे नाला, नाल्यावर चिंचा आणि तिथून पुढे जंगल. तेव्हाचं जंगल म्हणजे खरंच जंगल होतं, आतासारखं चार पळसांचं नाही. त्या चिंचांवर वानरांचा एक कळप राहायचा. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची पंधरावीस वानरं, आणि त्या सगळ्यांवर एक थोरला नर. आपल्याकडे अशा नराला हुप्प्या म्हणतात. हा हुप्प्या चालायचा तो असा, जणू धाबं त्याच्या आजोबाने बांधलं होतं.

गाव मारुतीचा भक्त, म्हणून वानराला कोणी हात लावत नसे. शनिवारी देवळापुढे त्यांना फुटाणे टाकत. मी एकटीच गोफण घेऊन धाब्यावर चढायची. माझी सासू, मी तिला आत्याबाई म्हणायची, फार देवभोळी. माझ्या दगडांपायी ती दर शनिवारी मारुतीला एक नारळ जास्त फोडायची. पहिल्याच उन्हाळ्यात पापड पळवणाऱ्या एका वानरीच्या डाव्या कानाचा टवका मी दगडाने उडवला. सगळे तिला कानतुटी म्हणू लागले. बाबा भेटायला आले तेव्हा मी त्यांना ती मुद्दाम लांबून दाखवली. तेवढा माज होता.

कळपाची खरी माहिती होती ती आमच्या शेतातल्या राखणीच्या म्हातारीला. ती वर्षानुवर्षं नाल्याकाठच्या मचाणावर बसत आलेली. वानरांबद्दल ती असं बोलायची जसं आपण भावकीबद्दल बोलतो. कोण कोणाची आई, कोण कोणाची मावशी, कोण कोणावर रुसली आहे. तिनेच मला सांगितलं की या कळपातल्या बाया कधी कळप सोडत नाहीत.

"त्यायच्यात पोरगी सासरी जातच नाई," ती म्हणाली. "माय, मावश्या, बहिणी, साऱ्या एका जागी. बाहेरून येते तो जावई. हा हुप्प्या म्हंजे घरजावई हाये, समजलं?"

"आन् त्यायची पोरं?"

"पोरं मोठी झाली का त्यायले हाकलून देते. मंग ते टोळी करून रानात हिंडतात, कोणाची जागा खाली होते ते पाहत."

मला हे फार आवडलं. वानरीचा जन्म मिळाला असता तर केनवडलाच राहिले असते, असं मी त्या रात्री ह्यांना म्हणाले. हे म्हणाले, "मंग मले घरजावई व्हा लागलं असतं. अन् तुह्या बापापुढे कोण टिकते?"

ती म्हातारी मला तिच्या मचाणावर बसवून कळप दाखवायची. नवीन जन्मलेलं पिल्लू काळंभोर असतं, मोठ्यांसारखं राखाडी नाही, आणि त्या काळ्या गोळ्यावर कळपातल्या सगळ्या बायांचा हक्क. एकीच्या हातून दुसरीच्या हातात, दुसरीकडून तिसरीकडे. आई बिचारी निवांत चिंचेचा पाला खात बसलेली. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात अशी तीन पिल्लं होती, आणि एक कानतुटीचं होतं. मी तेव्हा ते पाहून हसले आणि म्हणाले, म्हणजे पुढच्या वर्षी पापडाला आणखी एक तोंड.

तर त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, वैशाखातलं. लग्नघर म्हटलं की वाळवण आलंच. कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे, मुगाच्या वड्या. पंधरा दिवस कंबर मोडून आम्ही बायांनी ते केलं. शेवटच्या दिवशी धाब्यावर चार बाजांवर सगळं पसरून मी खाली घोटभर पाणी प्यायला आले. तेवढ्या वेळात हुप्प्या सहकुटुंब जेवायला बसला. जेवला त्याचं मला एवढं नाही. पण कुरड्यांवरून चालत जायची काय गरज होती? ह्यांनी काठी घेऊन धाबं गाठलं. हुप्प्याने दात दाखवून एक उडी घेतली आणि हे शिडी न वापरता खाली आले. हात मुरगळला. पुढे लग्नात ते गळ्यात हात बांधून पाहुण्यांना रामराम करत होते.

मी त्याच दिवशी जाहीर केलं, या घरात आता तो राहील नाहीतर मी.

अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, लेकी माहेरी जात. हे म्हणाले, "आखाजीले तुले माहेरी जायचंच हाये. मंग हरकत नाई."

मी चुलीपाशी बसूनच गाव हलवला, असं म्हणायला हरकत नाही. शेजारच्या घरांचंही वाळवण गेलं होतं, छपरांचे कवेलू फुटले होते. बायांचं एकमत दोन दिवसांत झालं आणि तिसऱ्या दिवशी पुरुषांना ते आपलंच मत वाटू लागलं. पारावर बैठक बसली. पण करायचं काय? मारायचं तर कोणाच्या मनातही नव्हतं. तेव्हा मी दाराआडून आत्याबाईला सुचवलं की केनवडला मारुतीच्या देवळामागे मोठी आमराई आहे आणि तिथे औषधालाही वानर नाही. माझे बाबाच एकदा हळहळले होते की आमच्या मारुतीपाशी त्याचं कोणी नाही. हुप्प्याला तिकडे पोचता करावा. त्याचीही सोय, मारुतीचीही सोय. आत्याबाईने ते मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कानावर घातलं आणि मामाजींनी पारावर स्वतःचं म्हणून मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

राखणीची म्हातारी तेवढी पारापाशी येऊन उभी राहिली.

"त्याले कायले धाडता? तो हाये म्हणून बाहेरचे हुप्पे येत नाईत. तो गेला तं ते येतीन. अन् जो येईन तो पिल्लं मारीन."

मामाजी हसून म्हणाले, "अवं बुढे, मारुतीचं वानर कवा लेकरं मारते काय?"

हा प्रश्न आमच्या गावाला इतका बिनतोड वाटला की पुढे कोणी काही विचारलंच नाही. म्हातारी माझ्याकडे वळली. मी म्हणाले, "आजी, आपल्या घरात कर्ता माणूस बाहेरगावी गेला का बाया सुखानं जेवतात. त्यायचंही तसंच असंन." बाया खळखळून हसल्या. माझं तोंड फार चालायचं तेव्हा.

गोठ्यालगत गुरांच्या चाऱ्याची, कुटाराची खोली होती, ती रिकामी केली. आत गूळ-फुटाण्यांची परात ठेवली. खोलीच्या खिडकीला बाहेरून सुताराने केलेला बाभळीचा पिंजरा लावला. दाराला दोरी बांधली आणि ती दोरी ओढायला गावाने एकमताने मला नेमलं. हुप्प्या दुपारी आला, परात पाहिली, आत गेला. मी दोरी ओढली. अंधारात तो उजेडाकडे धावला आणि सरळ पिंजऱ्यात. सुताराने बाहेरून झडप पाडली. सगळा खेळ चार श्वासांत आटोपला. कळपातल्या बाया गोठ्याच्या कवेलूंवर येऊन किंचाळत होत्या. मला वाटलं, निरोप देत आहेत.

मग त्याची बोळवण झाली. हसू नका, पण लेक सासरी धाडावी तशी झाली. आत्याबाईने पिंजऱ्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, वाटेसाठी भाकर आणि गूळ बांधून दिला.

"जाय बापा, तिकडं सुखानं राय," ती म्हणाली. "आमचं काई चुकलं असंन तं पोटात घाल."

दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. आणि ज्या गाडीतून मी आखाजीला माहेरी जायची, त्याच गाडीतून हुप्प्या माझ्या माहेरी गेला. लग्नघर सोडून मला निघता येईना. बैलांच्या घुंगरांचा आवाज नाल्यापलीकडे जाईपर्यंत मी जळफळत उभी होते.

पुढचे दहाबारा दिवस काय सांगू! वाळवण पुन्हा केलं, वाळलं, डब्यांत गेलं. कळप धाब्याकडे फिरकेना. लग्न थाटात झालं. वऱ्हाडी बाया कुरड्यांची तारीफ करत होत्या आणि आत्याबाई सगळ्यांना सांगत होती, आमच्या सूनबाईनं गावाची पीडा घालवली. मी मान खाली घालून ऐकायची, पण कान टवकारलेले.

मग एका सकाळी नाल्यावर तीन परके हुप्पे दिसले. तरणे, आडदांड. दिवसभर त्यांची आपसांत जुंपली. संध्याकाळपर्यंत दोघे पळाले आणि एक उरला. तो आमच्या निंबावर येऊन बसला आणि 'हूप' असा आवाज दिला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. गावाला वाटलं, चला, नवा जावई आला.

चौथ्या दिवशी चिंचेखाली एक पिल्लू मेलेलं सापडलं. लोक म्हणाले, कुत्र्याने धरलं असेल. दोन दिवसांनी दुसरं. ते मात्र देवळापुढे, दिवसाउजेडी, दहा माणसांसमोर झालं. नव्या हुप्प्याने ते आईच्या पोटाशी असतानाच ओढलं आणि चावलं. आई, मावश्या त्याच्या अंगावर तुटून पडल्या होत्या. पण उपयोग झाला नाही. मामाजी तिथे होते. घरी येऊन ते जेवले नाहीत.

मी म्हातारीकडे गेले. ती 'मी सांगतलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

"दुसऱ्याचं लेकरू त्याले नाई चालत," ती म्हणाली. "आता एकच राह्यलं. कानतुटीचं."

"ते वाचीन का?"

"पाऊस लागेलोक जपलं तं वाचू शकते. मोठं झालं, राखाडी झालं, मंग त्याच्याकडं तो पाहत नाई."

मी तिथून घरी आले ती थेट मामाजींपुढे उभी राहिले. सुनेने सासऱ्यापुढे असं उभं राहण्याची तेव्हा रीत नव्हती. म्हणाले, गाडी द्या, मी केनवडला जाते आणि त्याला परत आणते. पेरणीपूर्वीची नांगरट बाकी होती, बैलांना उसंत नव्हती. मामाजी म्हणाले, "घेऊन जा. पिंजरा बी घे."

वाटेत एक मुक्काम करून हे आणि मी केनवडला पोचलो. बघतो तर काय, हुप्प्याची तिथे चैन चाललेली. आमराईत आंबे धरलेले, शनिवारी पूजा, रोज कोणाचा ना कोणाचा नैवेद्य. बाबा त्याच्याकडे असे पाहत होते की माझ्या लग्नातही त्यांनी जावयाकडे तसं पाहिलं नव्हतं.

"दिल्लं ते वापस मांगते का कोणी?" बाबा मला म्हणाले. "गाव काय म्हणीन?"

मी त्यांना पिल्लांचं सांगितलं. सांगताना मी रडले. रागाने नव्हे, नुसती रडले. बाबांनी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "घेऊन जाय. तो आला तं."

तो कशाला येतो? पिंजरा आमराईत मांडला, आत गूळ-फुटाणे ठेवले आणि मी झडपेची दोरी धरून आंब्याच्या खोडाआड बसले. हुप्प्या वर बसून आधी पिंजऱ्याकडे पाही, मग खोडाआडच्या माझ्याकडे. दोघांनाही तो ओळखत होता. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खाली उतरला. तो पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला गेला, फटीतून लांब हात आत घातला, गुळाचा खडा उचलला आणि परत फांदीवर जाऊन खाऊ लागला. ह्यांना हसू आवरेना. मलाही हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचा रागही आला. रिकामा पिंजरा गाडीत टाकून आम्ही परत निघालो.

घरी पोचले तर धाब्यावरून पत्र्याचे डबे वाजत होते. मला वाटलं, काय झालं आता? पण ती आत्याबाई होती. कानतुटी पिल्लाला घेऊन आमच्या धाब्याच्या कोपऱ्यात येऊन बसली होती, आणि देवभोळी आत्याबाई मांडीवर डबा घेऊन निंबाकडे डोळे लावून बसली होती. नवा हुप्प्या जवळ आला की डबा बडवायचा. गावातल्या बायांनी दिवसाच्या पाळ्या ठरवल्या होत्या. रात्री कानतुटी गोठ्याच्या माळ्यावर शिरायची, तेव्हा हे आणि मामाजी अंगणात बाज टाकून झोपू लागले. ज्या वानरीने दोन वर्षं आमचे पापड खाल्ले, तिच्यासाठी गावातलं घर न् घर जागत होतं. मला माझ्या सासरचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी वाटला नव्हता.

मी लगेच पाळी मागितली. शिडीवरून माझं डोकं धाब्यावर आलं मात्र, कानतुटीने पिल्लू छातीशी घट्ट आवळलं आणि कोपऱ्यातून उठून थेट कठड्यावर गेली. तिथून निंबाची फांदी हाताच्या अंतरावर. आत्याबाई ओरडली, "खाली उतर! आधी खाली उतर!" मी उतरले. कानतुटी परत कोपऱ्यात आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं, लुगडं बदलून, डोक्यावरून पदर घेऊन. पुन्हा तेच. मी हातात काही घेऊन चढले काय आणि रिकाम्या हाताने चढले काय, तिला फरक नव्हता. गावात सगळ्या बाया तिच्यापासून चार हातांवर बसून तांदूळ निवडत होत्या. चालत नव्हती ती मी एकटी.

मग असं ठरलं की मी धाब्यावर पाय ठेवायचा नाही. मी खालून सगळ्यांना चहा देई, भाकरी थापून देई, आणि वर काय चाललंय ते विचारत राही. पिल्लू आता उड्या मारतं, आत्याबाई सांगायची. डब्याला हात लावून पळतं. कपाळावर थोडं राखाडी दिसायला लागलंय. मी चुलीपाशी बसून दिवस मोजायची. आभाळ यायला लागलं होतं.

त्या दुपारी पाळी आत्याबाईची होती. पाण्याचा तांब्या रिकामा झाला म्हणून ती क्षणभर खाली उतरली, माजघरात गेली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. निंबाची फांदी वाकलेली दिसली. आवाज नाही, काही नाही. नुसती फांदी वाकली आणि तो तिच्यावरून पुढे सरकताना दिसला.

हाक मारून आत्याबाई माजघरातून येईपर्यंत वेळ नव्हता. एवढाच विचार मी केला. कोपऱ्यातला डबा उचलला आणि शिडी चढले.

धाब्याच्या एका अंगाला निंब, तिथे तो. दुसऱ्या अंगाला शिडी, तिथे मी. कानतुटी मधोमध, पिल्लू छातीशी. माझ्या बाजूने गोठ्याच्या कवेलूंवर उतरायची वाट होती. पाचसहा पावलं, आणि तिथून ती माळ्यावर सुरक्षित. मी बाजूला झाले. डबा बडवला असता तर ती मलाच बिथरली असती, म्हणून तो खाली ठेवला, खाली बसले, मान फिरवली. म्हटलं, ये माय, ये, इकडून जाय. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे.

आणि तिने त्याच्याकडे उडी घेतली.

तो पिल्लं मारतो हे तिने दोनदा पाहिलं होतं. तरी आम्हा दोघांत तिला मी जास्त वाईट वाटले. निंबात जे झालं ते दोन पिल्लांचं झालं तेच. आत्याबाई तांब्या घेऊन वर आली तेव्हा मी तिथेच बसलेली होते.

"माह्याच्यानं झालं," मी म्हणाले.

"होय," आत्याबाई म्हणाली. ती मला खोटं कधी सांगत नसे. मग माझ्याजवळ बसून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

कानतुटी मेलेलं पिल्लू घेऊन तीनचार दिवस फिरत होती. पोटाशी नाही, एका हातात, लोंबतं. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं, नाला आटलेला. ती आमच्या अंगणाच्या भिंतीवर आली. खाली गुरांची दगडी डोण भरलेली होती. मी दारात उभी होते. ती पाण्याकडे पाहत होती आणि खाली उतरत नव्हती. मी एक पाऊल मागे सरले. ती तशीच बसून. आणखी एक सरले. मग मी आत गेले आणि दार लावून घेतलं. फटीतून पाहिलं, तर ती खाली उतरून पाणी पीत होती.